महिनाअखेरीला फाइल्स कमी येतात, पण दोष तुमच्या बॅच फाइलचा नाही

तुम्ही विचारलंय ते असं: ४२ शाखा, डे-एंडच्या (दिवसाचे व्यवहार बंद करतानाच्या) फाइल्स एफटीपीवर, म्हणजे फाइल्स चढवायच्या-उतरवायच्या सर्व्हरवर, सकाळी ८ ला बॅच फाइल (विंडोजच्या कमांड ओळीने चालवणारी फाइल) चालते, 'काल'च्या तारखेच्या फाइल्स शोधते, मोजते आणि उतरवून घेते. एरवी ४२ भरतात, महिनाअखेरीला ३९ नाहीतर ३७. आणि सर्व्हरवर जाऊन पाहिलं तर राहिलेल्या फाइल्स तिथेच बसलेल्या असतात. तुमचं हे वर्णन वाचलं आणि आमच्या पतसंस्थेतली जुनी डोकेदुखी जशीच्या तशी आठवली, म्हणून सविस्तर लिहितो. मोबाइलवरून लिहितोय, त्यामुळे कमांडसुद्धा देवनागरीतच. बॅच फाइल टास्क शेड्युलरला (ठरल्या वेळी काम सुरू करणारी विंडोजची सोय) कशी लावायची वगैरे तुम्हाला येतंच, ते सोडतो.

आधी तुमच्या लॉगमध्ये एक गोष्ट तपासा. ज्या दिवशी ३९ आल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी ४५ आल्यात का? आल्या असतील तर निदान पक्कं समजा. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर आहे, आपल्या साडेपाच तास मागे. रात्री १:१० ला चढलेली फाइल तिथे आदल्या दिवशीची १९:४० दाखवते, म्हणून ती 'काल'मध्ये बसते. महिनाअखेरीला व्याजाच्या नोंदी असतात, डे-एंड लांबतं, तीन ते पाच शाखा पहाटे साडेपाचच्या पुढे जातात. त्यांच्या फाइल्सवर 'आज'ची तारीख पडते आणि तुमची बॅच त्यांना ओलांडून पुढे जाते. म्हणजे रोजचे ४२ हे सुद्धा योगायोगानेच बरोबर येतायत!

खात्री करायची तर एक रिकामी टेक्स्ट फाइल स्वतः चढवा आणि यादीत तिची वेळ बघा. एसएफटीपी (एफटीपीऐवजी वापरायची सुरक्षित पद्धत) असेल तर हा घोळ सहसा होत नाही, कारण तिथे वेळ यूटीसीच्या आकड्यात येते आणि विनएससीपी (फाइल्स उतरवायचं सॉफ्टवेअर) ती आपल्या वेळेत बदलून घेतं. जुन्या एफटीपीत वेळ यादीच्या ओळीत नुसता मजकूर म्हणून येते, कुठल्या देशाची ते त्यात लिहिलेलं नसतं. विनएससीपीत सर्व्हरच्या वेळेतला फरक भरायची सोय आहे, पण माझं मत विचाराल तर त्यावर विसंबू नका. उद्या कुणी तिकडे घड्याळ 'दुरुस्त' केलं की तुम्ही पुन्हा साडेपाच तास हुकलात.

हे मी एवढ्या ठासून का सांगतोय, तर सर्व्हरची सेवा पुरवणाऱ्या कार्यालयाने आम्हाला यातच लोळवलं. नाव घेत नाही. मेल केला की ठरलेलं उत्तर: "फाइल ठेवलेली आहे, आपल्याकडे तपासावे." घड्याळ कोणत्या वेळेवर आहे एवढा एकच प्रश्न आम्ही विचारत होतो. त्याचं उत्तर कधी आलं नाही, तिकीट मात्र दर वेळी बंद झालं. बरं, त्यांच्या फाइल्सच्या नावात तारीखच नव्हती. फाइल कधी चढली ती वेळ, एवढीच काय ती ओळख. मग एके दिवशी त्यांनी सर्व्हर बदलला. सगळ्या फाइल्स नव्या जागी कॉपी केल्या, मूळ वेळा न राखता. परिणाम काय, तर वर्षभराच्या फाइल्सवर एकच तारीख! लेखापरीक्षक समोर बसलेले, आणि आम्ही एकेक फाइल उघडून आतल्या व्यवहारांवरून ती कुठल्या दिवसाची ते ठरवतोय. मूळ यादी तरी द्या म्हटलं तर, "जुना सर्व्हर उपलब्ध नाही." अजून आठवलं की रक्त उसळतं. असो.

तुमचं नशीब चांगलं. तुम्ही दिलेल्या नमुन्यात नावातच शाखेचा कोड आणि कामकाजाची तारीख आहे. मग फाइलवरची वेळ बघताच कशाला? ती वेळ म्हणजे कुणीतरी कधीतरी ती फाइल लिहिल्याची खूण, तुमच्या डे-एंडशी तिचा संबंध असेलच असं नाही. नावातली तारीख घेऊन शोधा. आणि 'काल' हा हिशेबही करू नका. सोमवारी सकाळी तुम्हाला शनिवारचं काम हवं असतं, सणासुदीला आणखी मागचं. तारीख बॅच फाइलला बाहेरून द्या, किंवा कामकाजाच्या तारखांची एक टेक्स्ट फाइल ठेवून तिच्यातून वाचा.

मोजणीबद्दल तर मी हट्टीच आहे. डिर पाइप फाइंड करून (फाइल्सची यादी काढून तिच्या ओळी मोजून) नुसता आकडा काढण्यात अर्थ नाही. ४२ मध्ये एका शाखेची फाइल दोनदा आणि एकीची शून्य वेळा असू शकते. ४२ कोडांची यादी करा, फॉर लूपने (तीच कृती यादीतल्या प्रत्येकावर फिरवणारी कमांड) एकेक कोड घेऊन ते नाव आहे का बघा, नसेल तर कोड लॉगमध्ये लिहा. त्याच लूपमध्ये आकारही तपासा, शून्य बाइटची फाइल ही आलेली फाइल नव्हे.

तुमच्या बॅचमध्ये उतरवून घेतल्यावर फॉरफाइल्स /डी वजा एक (तारखेवरून फाइल्स निवडणारी कमांड) दिसलं. त्याचा अर्थ 'कालच्या' असा नाही, कालच्या आणि त्याआधीच्या सगळ्या. फोल्डर रोज रिकामं करताय म्हणून आजवर निभावलं. तारखेवरूनच निवडायचं असेल तेव्हा रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी कमांडचे मॅक्सएज आणि मिनएज (फाइल जास्तीत जास्त आणि कमीत कमी किती जुनी हवी) वापरा, आधी /एल लावून नुसती यादी काढून बघा. रोबोकॉपीने शेवटी १ परत दिला तर घाबरू नका, कॉपी झाली असा त्याचा अर्थ. ८ आणि पुढे आलं तर मात्र बघा.

आणखी एक, हे तुम्हाला ऑगस्टमध्ये गाठणार: सेट /ए ला (बॅचमधली आकडेमोडीची कमांड) ०८ किंवा ०९ दिलं की तो आकडा अष्टमान (आठच्या पायाचा, ज्यात ८ आणि ९ हे अंक नसतात) समजून चूक दाखवतो. दर महिन्याच्या ८ आणि ९ तारखेलाही तेच. आकड्याच्या आधी १ जोडून (०८ चे १०८) मग १०० वजा करा. आणि डेट व्हेरिएबलचे (ज्यात विंडोज आजची तारीख देतं) तुकडे पाडून तारीख काढू नका. तुमच्या लॉगिनला ती दिवस-महिना-वर्ष दिसते, टास्क दुसऱ्या खात्याखाली चालला की अमेरिकी पद्धतीची, पुढे वाराचं नावही. डब्ल्यूमिकची (तारीख काढायला वापरतात ती जुनी कमांड) सवय असेल तर तीही सोडा, नव्या विंडोज ११ मध्ये ते आपोआप मिळत नाही. पॉवरशेलची (विंडोजमधलीच नवी कमांड प्रणाली) एका ओळीची गेट-डेट कमांड बॅचमधूनच बोलवा. बँकांच्या मशीनवर पॉवरशेलच्या स्क्रिप्ट फाइल्सना बऱ्याचदा बंदी असते, पण अशी एक ओळ बहुतेक ठिकाणी चालते. सगळं पॉवरशेलमध्ये लिहा असं सांगणारे येतीलच. त्यांचं चूक नाही, पण रात्रपाळीच्या माणसाला नोटपॅडमध्ये उघडून कळेल अशी बॅच फाइल मला जास्त भरवशाची वाटते.

मी प्रोग्रामर नाही, ईडीपी (संगणक) विभागात घासून शिकलेला आहे, तेव्हा चालू बॅचची प्रत ठेवून मगच बदल करा. मागच्या महिनाअखेरीच्या यादीतल्या त्या राहिलेल्या फाइल्सच्या ओळी, शाखांचे कोड खोडून, इथे टाकल्यात तर वेळा बघून सांगतो.