चिलटांचा पहिला सापळा लावताना

फळांवरची चिलटं पकडून ओळखायला शिकायचंय ना? मग हंगाम तुम्ही चांगला निवडलाय. सप्टेंबर-ऑक्टोबरात बीड-धारूरकडे सीताफळं पिकू लागली की चिलटांना तोटा नसतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मात्र आमिष वाळून जातं, तेव्हा सापळा रिकामा निघाला तर नाराज होऊ नका.

पाण्याच्या बाटलीला बारीक भोकं पाडा, आत पिकलेलं केळं कुस्करून चिमूटभर यीस्ट टाका आणि सावलीत टांगा. दोरीला ग्रीस लावाच, नाहीतर सगळं मुंग्यांच्या घशात! आमिष पातळ करू नका. माश्या बुडतात, पंख चिकटतात, मग ओळखायचं काय? नवे लोक इथेच जास्त चुकतात.

सुरुवातीला एवढंच बघा:

- दोन-तीन मिलिमीटर, लाल डोळे: बहुधा ड्रोसोफिला, म्हणजे आपलं नेहमीचं चिलट.
- डोक्यापासून पाठीपर्यंत पांढरे पट्टे: झाप्रियोनस, चिलटांचाच दुसरा गट. फार देखणी माशी, भिंगातून जरूर बघा.
- घरमाशीएवढी, गांधीलमाशीसारखी पिवळी-तपकिरी: ही बागायतदारांची फळमाशी, कूळच वेगळं.

नुकती कोषातून निघालेली माशी फिकट असते, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका. नमुने 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. सोबत गाव, तारीख आणि आमिष लिहिलेली चिठ्ठी हवीच, तीही पेन्सिलनं, शाई विरघळते. नेमकी जात ओळखायला लागणारे नराच्या पायावरचे केस वगैरे पुढे बघू.