मधली काळी डबी

प्रश्न : माझ्या दिरांनी अमेरिकेहून आणलेला जुना निन्टेन्डो एनईएस हा टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आमच्याकडे आहे. त्यासोबत ‘गेम जिनी’ नावाची काळी डबी आली. कॅसेट त्या डबीत खोचायची, डबी मशीनमध्ये सारायची आणि टीव्हीवर खेळ सोपा करणारे कोड टाकायचे. बारा वर्षांचा मुलगा खूश आहे. पण आमचे हे म्हणतात, कंपनीची वस्तू नाही, म्हणजे चोरीचाच प्रकार. कॅसेटही खराब होईल आणि पोराला चीटिंगची सवय लागेल. टाकून देऊ का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : मुळीच टाकू नका.

आधी कॅसेटचं. जिनी कॅसेटवर काही लिहीतच नाही. डबी कॅसेट आणि मशीन यांच्या मध्ये बसते आणि मशीनने ठरावीक जागेवरचा आकडा मागितला की कॅसेटच्या आकड्याऐवजी स्वतःचा पुढे करते. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’साठी एस-एक्स-आय-ओ-पी-ओ हा कोड घ्या. मारिओ मेला की गेममध्ये एक हुकूम चालतो : लाईफच्या आकड्यातून एक वजा कर. या कोडमुळे तिथे दुसराच हुकूम जातो : तो आकडा नुसता वाच. फरक एका बाइटचा. मारिओ परत उभा, लाईफ होत्या तेवढ्याच. डबी काढली की कॅसेट पहिल्यासारखी. बॅटरीवाल्या कॅसेटमध्ये कोड लावून सेव्ह केलेला खेळ मात्र तसाच राहतो, एवढं मुलाला सांगून ठेवा.

चोरीचा वाद तर अमेरिकेच्या कोर्टातच झालेला आहे. इंग्लंडच्या कोडमास्टर्सने ही डबी बनवली, अमेरिकेत गलूब ही खेळण्यांची कंपनी ती विकणार होती. १९९० मध्ये निन्टेन्डोने विक्रीवर मनाई मिळवली. १९९१ मध्ये निकाल गलूबच्या बाजूने लागला, १९९२ मध्ये वरच्या कोर्टाने तो कायम केला आणि मनाईच्या काळातल्या नुकसानीपोटी गलूबला दीड कोटी डॉलर मिळाले. कॅसेटचे पैसे मोजलेत, आता घरात ती कशी खेळायची ते तुम्ही ठरवा, असा त्या निकालाचा रोख होता. पुस्तकातली पानं गाळून वाचणाऱ्याला कोण अडवतं? शिवाय अस्सल कॅसेट नसेल तर ही डबी काही कामाची नाही. तिच्यात नक्कल होतच नाही.

राहिलं चीटिंग. माझ्या दादाचा डावा हात लहानपणी पोलिओने अधू झाला. एनईएसच्या रिमोटवर दिशेचं बटण नेमकं डाव्या अंगठ्याखाली येतं. १९९३ च्या उन्हाळ्यात मी न्यू जर्सीला त्याच्याकडे होतो. पुतणे खेळायचे, हा बघत बसायचा. हातात घेतला तर पहिल्या-दुसऱ्या पातळीतच तिन्ही लाईफ जायच्या आणि तो मुकाट्याने रिमोट परत द्यायचा. एका शनिवारी पुतणीने डबी लावून तो कोड टाकला. दादाने रिमोट मांडीवर आडवा ठेवला, डाव्या हाताचं मधलं बोट बटणावर टेकवलं आणि दुपारी दोनला सुरुवात केली. नुसत्या आठव्या, म्हणजे शेवटच्या वर्ल्डमध्ये तो किती वेळा खड्ड्यात पडला असेल! दर वेळी पातळी मुळापासून. वहिनी ताट तिथेच देऊन गेली. रात्री साडेअकराला त्याचा मारिओ शेवटच्या कुऱ्हाडीला टेकला, पूल कोसळला, खेळ जिंकला, आणि दादा टीव्हीसमोर काही न बोलता बसून राहिला. प्रत्येक उडी त्याची स्वतःची होती हो. डबीने त्याला फक्त पुन्हा प्रयत्न करू दिला. या खेळाला कोणी फसवणूक म्हटलं की मला आजही वाईट वाटतं.

मुलगा मित्राशी पैज लावून खेळत असेल तेव्हा डबी काढून खेळायला सांगा. तिथे यजमानांचं बरोबर आहे.

जपायचं आहे ते मशीनला. डबीची पट्टी कॅसेटच्या पट्टीपेक्षा जाड असते. आतल्या कनेक्टरच्या बहात्तर पिना त्यामुळे दबतात आणि पुढे नुसती कॅसेट सैल बसू लागते, स्क्रीन लुकलुकते. म्हणून खेळून झालं की डबी बाहेर काढा, आत तशीच ठेवू नका. पिना गेल्याच तर कनेक्टर बदलता येतो, स्क्रू काढण्याइतकंच काम आहे. आणि अॅडॉप्टर अमेरिकेचा असेल तर तो १२० व्होल्टचा आहे, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या सॉकेटमध्ये लावू नका.