डेंटल लॅबचा जुना मायक्रोमोटर दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की मेडिकल चौकाजवळ छोटी लॅब टाकताय, हाती आलेला जुना मायक्रोमोटर (कवळ्या घासायचं छोटं विजेचं मशीन) मधेच बंद पडतो, पुढून तापतो आणि मिस्त्री म्हणतो, "मोटर जळली, नवा घ्या." मी 20 वर्षं नागपुरात धंतोलीत कवळ्या आणि कास्ट पार्शलचं (धातूच्या सांगाड्याच्या अर्धवट कवळ्यांचं) काम करतोय. मोटर जळते तेव्हा बहुतेक वेळा वास येतो. तसा वास आला नसेल तर पैसे काढू नका अजून.

बंद पडणं आणि तापणं हे दोन वेगळे आजार आहेत. आधी बंद पडण्याचं बघा. ओळखीच्या लॅबमधून त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा चालू हँडपीस (हातात धरायचा, मोटर असलेला भाग) तासाभरासाठी मागून आणा आणि तुमच्या कंट्रोल बॉक्सला लावा. तो नीट चालला तर बॉक्स बरा. मग तुमचा लावा आणि वायर हँडपीसमध्ये शिरते तिथे हलवून बघा. झटके देत चालू-बंद झाला तर आतली तार तुटलीय, काम किरकोळ आहे. तिथेही ठीक असेल तर कार्बन बघा, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे दोन छोटे ठोकळे. झिजून बुटके झाले असतील तर दोन्ही एकदम बदला. आतली काळी भुकटी मऊ ब्रशने झाडा आणि बर (पुढे लावायचं घासायचं टोक) लावून कमी वेगावर दहा-पंधरा मिनिटं नुसता फिरू द्या, कार्बन बसायला तेवढा वेळ लागतो. एवढं करूनही आत मोठ्या ठिणग्या दिसल्या तर आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, गेलं, मिस्त्री खरा.

पुढून तापणं म्हणजे बेअरिंग. प्लग काढा, बर हाताने सावकाश फिरवा. वाळूवरून चाक गेल्यासारखी किरकिर बोटांना लागली की समजा. ठोकून बेअरिंग बसवणाऱ्याकडे देऊ नका, नवी बेअरिंगही त्या हातोडीनेच जाते.

आणि कृपा करून तेल घालू नका. आमच्याकडे एका मे महिन्यात हँडपीस अडकायला लागला, मी बाहेर होतो. परत आलो तर चकमधून, म्हणजे बर पकडणाऱ्या भागातून, राखाडी लापशी गळत होती. पोरगा म्हणे, "सर, जाम होऊन राहिलं होतं, म्हणून मशीनचं तेल टाकलं." अ‍ॅक्रिलिकचा भुगा, प्लास्टर आणि तेल यांचं ते मिश्रण पार कार्बनपर्यंत उतरलं होतं. क्लिनिकमध्ये डॉक्टर दात कोरतात त्या एअरोटरला तेल लागतं, ऑटोक्लेव्हला (वाफेवर निर्जंतुक करायला) टाकण्याआधी तर हटकून. तो हवेवर मिनिटाला तीन लाखांहून जास्त फेरे फिरतो. आपल्या लॅबच्या हँडपीसच्या बेअरिंगमध्ये ग्रीस आधीच भरलेलं असतं, त्याला तेल नकोच. चक उघडून भुगा ब्रशने काढला तरी पुरतं. रिकामा ठेवतानाही चकमध्ये एक जुना बर अडकवून ठेवा, आणि चक उघडा असताना कधीही सुरू करू नका. उन्हाळ्यात कूलरचा झोत टेबलावर येऊ देऊ नका. नागपुरात हे कठीण आहे, मला कळतं, पण ओल्या हवेने भुगा चिकटतो आणि बरना गंज चढतो.

आता नवा घ्यायचाच झाला तर. मुख्यतः कवळ्यांचं काम असेल तर मिनिटाला 35 हजार फेऱ्यांचा कार्बनवाला कोरियन पुरे, मॅरेथॉन किंवा स्ट्राँग. अ‍ॅक्रिलिक मी 15-20 हजारांवरच घासतो. दिवसभर कोबाल्ट-क्रोम धातू कापायचा असेल तर ब्रशलेस घ्या. त्यात कार्बनची कटकट नाही, जोर जास्त, पण किंमत कितीतरी पट. भट्टीतून निघालेल्या झिरकोनियाला (दातांच्या कॅपचं कडक सिरॅमिक) मात्र यातलं काहीच लावू नका, त्याला पाणी सोडणारी, हवेवर फिरणारी टर्बाइन लागते, नाहीतर उष्णतेने तडा जाऊ शकतो. दुकानदाराला भाव नंतर विचारा. आधी विचारा, "याचे कार्बन, चक, बेअरिंग आत्ता दाखवता?" काउंटरवर ठेवले तर घ्या. "मागवून देतो" म्हणाला तर दुसरं दुकान बघा, हुबेहूब नकला फार आहेत.

तुमचा जुना दुरुस्त झाला तर टाकू नका, प्लास्टर आणि डाय स्टोनसाठी (साच्याचं कडक प्लास्टर) वेगळा ठेवा. सेकंडहँड आणखी घेणार असाल तर खिशात एक नवा, सरळ, 2.35 मिलिमीटर दांड्याचा बर घेऊन जा. तिथला वाकडा बर लावला की चांगला हँडपीसही थरथरतो, आणि विकणारा म्हणतो, "बर खराब आहे, मशीन एकदम मस्त."