खेळाच्या गप्पा: तुमचे प्रश्न, मास्तरांची उत्तरं

प्रश्न: सर, आमची लेक लीड्सला असते. तिच्याकडे गेलो तेव्हा ह्यांना हेडिंग्ली बघायचंच होतं, वेंगसरकरांनी १९८६ मध्ये शतक काढलं ते मैदान. आत गेलो तर त्याच स्टँडच्या पाठीला पाठ लावून रग्बीचं मैदान! जावई म्हणाले, ही साधी रग्बी नव्हे, रग्बी लीग, आणि इथे रॉय फ्रान्सिस नावाचा फार मोठा कोच होऊन गेला. पुढचं त्यांनाही सांगता येईना. तुम्ही सांगाल का?
– सौ. वि. पा., सांगली

उत्तर: ताई, खेळाचं आधी थोडक्यात उरकतो. १८९५ साली उत्तर इंग्लंडातल्या क्लबांनी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बसून मूळ रग्बी संघटनेशी काडीमोड घेतला. भांडण मजुरीचं. खाणीत नाहीतर गिरणीत राबणारा माणूस शनिवारी खेळायला गेला की त्याचा खाडा पडायचा. तो क्लबाने भरून द्यावा की नाही, एवढाच वाद. वरचे साहेब नाही म्हणाले, हे वेगळे निघाले. पुढे १५ चे १३ खेळाडू झाले. आता सहा पकडींत काही साधलं नाही तर चेंडू समोरच्यांना द्यायचा. पकडलेला गडी उठतो, चेंडू पायाने मागे सारतो, की पुन्हा चढाई. कबड्डी बघणाऱ्याला हा खेळ एका सामन्यात समजतो.

आता रॉय. दक्षिण वेल्समधल्या ब्रिनमॉर या कोळशाच्या पट्ट्यातल्या गावात वाढलेला कृष्णवर्णीय मुलगा. १९३६ मध्ये, सतराव्या वर्षी विगन क्लबाने त्याला घेतलं. लीगचे पैसे घेतलेल्याला तेव्हा जुन्या रग्बीचं दार कायमचं बंद व्हायचं, म्हणजे गावच्या क्लबाकडून खेळणंही गेलं. विगनने त्याला पुढे बॅरोला देऊन टाकलं. तो कडेने पळणारा विंगर, वाऱ्यासारखा. युद्धात सैन्यात सार्जंट होता आणि जवानांकडून कसरत करून घ्यायचा. माझ्या मते त्याच्यातला कोच तिथेच तयार झाला.

१९४६ मध्ये ग्रेट ब्रिटनचा संघ ऑस्ट्रेलियाला निघाला, त्यात रॉयचं नाव नव्हतं. खेळात तो कुठे कमी होता म्हणून नव्हे. गोऱ्यांखेरीज कुणी नको हे तेव्हा ऑस्ट्रेलियाचं सरकारी धोरण होतं, आणि यजमानांना अडचण नको म्हणून त्याला मागे ठेवलं, असं तिकडे सगळे सांगतात. पुढच्याच वर्षी ब्रॅडफर्डला न्यूझीलंडविरुद्ध संधी मिळाली, तर पठ्ठ्याने दोन ट्राय केल्या, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन दोनदा जमिनीला टेकवला. ग्रेट ब्रिटनकडून खेळलेला तो पहिला कृष्णवर्णीय. आणि तो एवढा एकच सामना! पुन्हा बोलावलंच नाही.

वॉरिंग्टन क्लब करून तो हल या शहरातल्या क्लबात आला आणि खेळता खेळताच कोच झाला. ब्रिटनमधल्या कुठल्याही व्यावसायिक संघाचा पहिला कृष्णवर्णीय कोच म्हणून त्याचं नाव घेतात. हल म्हणजे मासळीचं बंदर. तिथल्या दणकट गड्यांना घेऊन त्याने १९५६ आणि १९५८ ची अजिंक्यपदं आणली. १९५९ आणि १९६० मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावर चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यांत मात्र मार खाल्ला.

ताई, मला या माणसाचं वेड आहे ते करंडकांसाठी नाही. बाकीचे कोच मैदानाला फेऱ्या मारायला लावून घरी जात, तेव्हा हा सामन्यांच्या फिल्मा लावून खेळाडूंना त्यांच्याच चुका दाखवायचा. धिप्पाड गड्यांनाही धावपटूंसारखं पळवायचा. खेळाडूंच्या बायकापोरांना सामन्याला न्यायला बस लावायचा. घरी कुरबुर असेल तर गडी मैदानावर अर्धाच येतो, हे त्याने ओळखलं होतं. मी कराडच्या शाळेत पीटीचा मास्तर. कबड्डीची पोरं एसटीने जिल्ह्याला न्यायचो, तेव्हा एखाद्याची आई नुसती मैदानाच्या कडेला उभी असली तरी त्या दिवशी त्याची पकड सुटायची नाही. त्यामुळे रॉयची ती बस मला फार पटते.

१९६३ मध्ये तो तुमच्या लीड्सला आला. ११ मे १९६८, वेम्बली, चॅलेंज कपचा अंतिम सामना, समोर वेकफील्ड. असा पाऊस की मैदानात तळी साचलेली, पळणारे घसरत घसरत पार लांब जात होते. लीड्स ११, वेकफील्ड ७. शेवटच्या क्षणी वेकफील्डने ट्राय केली, ११–१०. ट्रायनंतर खांबांमधून चेंडू मारायची एक किक मिळते. आता खांबांच्या अगदी समोरून ती एक किक, दोन गुण, की कप त्यांचा. मारायला डॉन फॉक्स. सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्यालाच निवडलेलं. त्याचा पाय चिखलात फसकला, चेंडू उजवीकडे भरकटला आणि तो तिथेच गुडघे टेकून बसला. लीड्स जिंकलं. तिकडची म्हातारी माणसं अजून फॉक्सचीच गोष्ट सांगतात, जिंकलेल्या कोचचं नाव कुणी घेत नाही.

त्यानंतर रॉय ऑस्ट्रेलियातच गेला, सिडनीच्या नॉर्थ सिडनी क्लबात. रंगावरून तिथे त्याला फार सोसावं लागलं आणि तो परतला. १९७५ मध्ये लीड्सला प्रीमियरशिप ही स्पर्धा जिंकून दिली. १९८९ मध्ये गेला. ब्रिनमॉरने त्याचा पुतळा उभारला तो २०२३ मध्ये. फारच उशीर केला म्हणायचा.

प्रश्न: मास्तर, आमचे सर राज्य पातळीवर खेळलेत, पण शिकवायला उभे राहिले की नुसते ओरडतात. चांगला खेळाडू चांगला कोच होतोच असं नाही ना?
– अ. शि., बार्शी

उत्तर: नाही रे बाबा. होतोही, नाहीही. लीगमधलंच बघ. विगनचा अँडी फॅरेल एकविसाव्या वर्षी ग्रेट ब्रिटनचा कर्णधार, आणि २०२५ मध्ये तो कोच असताना जुन्या रग्बीच्या ब्रिटिश-आयरिश लायन्स संघाने ऑस्ट्रेलियात मालिका २–१ जिंकली. दुसरीकडे ऑस्ट्रेलियाचा वेन बेनेट. खेळाडू म्हणून ठीकठाक, नोकरी पोलिसात. पण कोच म्हणून एकट्या ब्रिस्बेनला त्याने सहा अजिंक्यपदं मिळवून दिली.

तुझ्या सरांना जे येतं ते त्यांना सांगता येत नसेल. ओरडा खाऊन झाला की एकच पकड धरून विचार, ‘सर, ही करताना तुमचा डावा पाय कुठे असायचा?’ बघ, करून दाखवायला स्वतः मॅटवर उतरतील. तेवढ्यात मित्राला मोबाइलवर शूटिंग करायला सांग. सरांना विचारून हं.