गुडघ्याची झीज रक्तात मोजता येते का?

प्रश्न : वय ५८. जिना उतरताना गुडघे दुखतात. तपासण्यांच्या पॅकेजमध्ये ‘कॉम्प’ होती, ती जास्त आली. झीज कितव्या ग्रेडची समजायची?

उत्तर : या आकड्यावरून ग्रेड लावता येत नाही. कॉम्प हे कूर्चेतलं, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तरातलं प्रथिन. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ती झिजली की तिचे तुकडे आधी सांध्यातल्या द्रवात आणि मग रक्तात उतरतात. तिथे गुडघा, खुबा, बोटांचे सांधे, सगळ्यांचा माल एकत्र होतो. त्यात कॉम्प स्नायूबंधांतही असतं, आणि आमवातात किंवा सांध्याला मार बसल्यावरही वाढतं. झीज असलेल्यांची सरासरी जास्त भरते हे खरं, पण त्यांचे आणि निरोगी माणसांचे आकडे एकमेकांत इतके मिसळतात की एकट्या माणसाबद्दल निकाल देता येत नाही. संशोधनात गटांची तुलना करायला या तपासण्या उपयोगी आहेत; पॅकेजमध्ये त्या कशाला घालतात, कळत नाही.

रक्त कधी दिलं, यानेही फरक पडतो. अर्धा तास चालून लगेच नमुना दिला तर कॉम्प वाढलेलं दिसतं. हायल्युरॉनिक ॲसिड (सांध्यातल्या द्रवातला चिकट पदार्थ) सकाळी उठून हालचाल सुरू केली की चढतं, आणि यकृताच्या आजारात तर बरंच वाढतं. ‘सीटीएक्स-टू’ (कूर्चेतल्या कोलॅजनचा तुकडा) लघवीत मोजतात. लघवी पातळ-घट्ट असते म्हणून ते क्रिएटिनिनच्या प्रमाणात सांगावं लागतं.

ग्रेड ठरते एक्स-रेवर. केलग्रेन-लॉरेन्स पद्धत १९५७ची, ० ते ४. हाडाला नक्की वाढ दिसली की २, सांध्यातली फट नक्की कमी झाली की ३, जवळजवळ संपली की ४. एक्स-रे उभं राहून, गुडघ्यावर भार देऊनच काढून घ्या. आडवं झोपून काढला तर फट आहे त्यापेक्षा मोठी दिसू शकते.

प्रश्न : मग डॉक्टर ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर का सांगतात?

उत्तर : दुसरा आजार नाही ना, हे पाहायला. ईएसआर, सीआरपी शरीरातला दाह दाखवतात, आरए फॅक्टर आमवातासाठी बघतात. पन्नाशीनंतर चालताना दुखतं, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासात जातो, गुडघा वाकवताना करकरतो, पण गरम लागत नाही, असं असेल तर झिजेचं निदान बहुतेक वेळा डॉक्टरांनी गुडघा तपासूनच होतं. आरए फॅक्टर काही निरोगी वयस्करांतही पॉझिटिव्ह येतो, आणि गाऊटच्या (सांध्यात युरिक ॲसिडचे कण साचून होणाऱ्या आजाराच्या) ऐन झटक्यात युरिक ॲसिड नॉर्मल असू शकतं. गुडघा अचानक सुजला, तापला, अंगात ताप आला, तर रक्ताच्या रिपोर्टवर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. तेव्हा सांध्यातलं पाणी काढून पाहतात. झिजेच्या पाण्यात पांढऱ्या पेशी सहसा घन मिलिमीटरला २,००० पेक्षा कमी असतात. ५०,००० च्या वर गेल्या की जंतुसंसर्ग गृहीत धरूनच पुढे जातात.

प्रश्न : व्यायामाचा फायदा कॉम्पवरून कळेल?

उत्तर : नाही. त्यापेक्षा खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर घडी घालून बसा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. खुर्ची तीच, चपला-बूटही तेच ठेवा. महिन्याने पुन्हा मोजा.