नव्या घरासाठी वायरलेस साउंडबार घेताय? आधी सोफ्यामागे प्लग पॉइंट करून घ्या

'वायरलेस' या शब्दावर फार विसंबू नका. साउंडबार म्हणजे टीव्हीखालचा लांबट स्पीकर; त्याच्यासोबतच्या मागच्या स्पीकरना आवाज हवेतून मिळतो, पण वीज बहुतेक वेळा वायरनेच द्यावी लागते. घराचं वायरिंग अजून चालू असेल, तर सोफ्याच्या दोन्ही बाजूंना मागे एकेक पॉइंट आजच सांगून ठेवा. रंगकाम झाल्यावर भिंत फोडणं जिवावर येतं, हे मी स्वतः भोगलंय.

मग साउंडबारच्या वर्णनातले आकडे. ५.१.२ मधला ५ म्हणजे आजूबाजूचे चॅनल (आवाजाचे वेगवेगळे मार्ग), १ सबवूफर (बासचा, म्हणजे खोल आवाजाचा स्पीकर) आणि २ वरून येणाऱ्या आवाजाचे. हा वरचा आवाज बहुतेक साउंडबार छतावर आपटवून खाली आणतात. त्यामुळे छत सपाट हवं. उतरतं किंवा फार उंच असेल तर त्या दोनसाठी जास्तीचे पैसे घालू नका. त्याऐवजी खरे, वेगळे मागचे स्पीकर असलेला संच घ्या. माझ्या मते सराउंडचा, म्हणजे चहूबाजूंनी येणाऱ्या आवाजाचा, खरा आनंद तिथेच आहे. ते ऐकणाऱ्याच्या थोडे मागे, कानाच्या जरा वर ठेवा.

टीव्हीला एचडीएमआय ईएआरसी (टीव्हीचा आवाज साउंडबारकडे नेणारं पोर्ट) आहे ना, तेवढं तपासा. त्याच्या जुन्या, साध्या एआरसीवर स्ट्रीमिंगचं ॲटमॉस (वरूनही आवाज देणारं डॉल्बीचं तंत्र) चालतं, पण ब्लू-रे डिस्कचा लॉसलेस (काहीही न गाळलेला) आवाज पूर्ण येत नाही.

सबवूफर कोपऱ्यात ठेवला की बास वाढतो, कधीकधी नको इतका घुमतो. एकदम जागा पक्की करू नका, आठवडाभर सरकवून ऐका. आणि हो, दुकानात ऐकलेला आवाज घरी तसाच येत नाही, म्हणून परत करण्याची मुदत आधीच विचारून घ्या.