सायकलचे प्रश्न : चिमटा फाकवायचा की हब बदलायचा?

प्रश्न : काका, नमस्कार. वडिलांची रॅले सायकल घरात पडून आहे. ते मिलमध्ये होते, भोंगा झाला की याच सायकलवरून पाळीला जायचे. 28 इंची चाकं, सळईचे ब्रेक, कॉटर पिननं (पाचरीसारख्या खिळ्यानं) अडकवलेले क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे, सगळं मूळचं. कोजागरीला हिच्यावरून तुळजापूरला जायचं मनात आहे, म्हणून गिअर हवेत. मित्राकडे हायब्रिड सायकलची चाकं आहेत : 700सी, सात गिअर, डिस्क ब्रेक. त्याच्या मागच्या हबची (चाकाच्या मधल्या नळकांड्याची) रुंदी 135 मि.मी. आणि माझ्या चिमट्यात (मागचं चाक बसतं त्या दोन फाट्यांत) जागा 114. फॅब्रिकेशनवाला म्हणतो, "गॅसवर तापवून फाकवतो, डिस्क ब्रेक अडकवायला फ्रेमला पत्ती वेल्ड मारतो, दोन तासांचं काम." करून घेऊ का?
— एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : नका करून घेऊ. 114 चे 135 म्हणजे 21 मि.मी. वाढवायचे, दर बाजूला साडेदहा. पोलादाची फ्रेम वाकते, ॲल्युमिनियमसारखी लगेच तडकत नाही, हे खरं. पण नुसतं अंतर वाढून भागत नाही. चिमटा फाकला की एक्सल (चाकाचा आस) बसतो त्या दोन्ही खाचा एकमेकींकडे तिरक्या बघायला लागतात. तशात नट आवळले की एक्सलवर सतत वाकडा ताण राहतो आणि एक दिवस तो तुटतो. गॅसवर तापवणं तर त्याहून वाईट. जुन्या फ्रेमच्या नळ्या सांध्यांच्या तुकड्यांत घालून पितळानं झाळलेल्या असतात. ते पितळ साधारण 900 अंशांना वितळतं आणि गॅसची ज्योत त्याच्या कितीतरी पुढे जाते. शिवाय पितळ मिसळलेल्या जागी वेल्ड मारलं तर तिथेच तडा जातो. डिस्कच्या पत्तीबद्दल तर बोलायलाच नको. ब्रेक दाबला की सगळा झटका डाव्या बाजूच्या बारीक नळीवर येतो, आणि ती नळी त्यासाठी केलेलीच नाही.

मी हे शहाणपण पुस्तकातून शिकलेलो नाही. 1987 साली थोरल्या भावाची सायकल मीच बिघडवली. सहा चक्रांचं फ्रीव्हील (मागच्या गिअरचा संच) बसवायचं होतं, 126 मि.मी. जागा हवी होती. मी फिटर, अंगात मस्ती. दोन खाचांच्या मध्ये स्क्रू जॅक लावला आणि फिरवत गेलो. जॅक दोन्हीकडे सारखाच जोर लावतो, पण वाकते ती कमजोर बाजू. डावी बाजू अकरा मि.मी. गेली, उजवी जेमतेम एक. बाहेरून मोजलं तर बरोबर 126! चाक बसलं, रंग शाबूत, मी खूश. भाऊ विजापूर वेशीत पोचेपर्यंत चेन तीनदा उतरली. चौथ्यांदा पिठाचा डबा कॅरिअरवर आणि सायकल हातात धरून चालत घरी आला. दारातच म्हणाला, "काय लका, चेन घातलीस का साप सोडलास?"

नंतर एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी दोरीची युक्ती दाखवली. तुमची फ्रेम आज सरळ आहे का, हे बघायलाही ती लागेल. मागचं चाक काढा. गवंड्याची ओळंब्याची दोरी घ्या (सुताला आपल्या गावात तोटा नाही, पण सूत ताणतं). एक टोक उजव्या खाचेला बांधा, दोरी हँडलखालच्या उभ्या नळीला पुढून वळसा घालून डाव्या खाचेपर्यंत ताणून आणा. आता सीटखालची नळी दोरीच्या दोन पदरांच्या मधोमध यायला हवी. दोन्हीकडचं अंतर व्हर्नियरनं मोजा. एखादा मि.मी. इकडेतिकडे चालतो. माझ्या भावाच्या सायकलीत पाचचा फरक निघाला होता.

आता तुमच्या कामाचं. तुम्हाला सात गिअर नकोच आहेत, तुळजापूरचा घाट चढेल एवढा एक हलका गिअर हवा आहे. त्यासाठी हबच्या आत गिअर असलेला तीन गिअरचा हब शोधा. स्टर्मी-आर्चर कंपनीचा एडब्ल्यू हब 1936 सालचा, अशाच सायकलींसाठी केलेला. त्याची रुंदी एक्सल आणि वॉशर कसे आहेत त्यावर 112 ते 120 मि.मी.मध्ये येते, म्हणजे तुमच्या 114 मध्ये फ्रेम न ताणता बसवता येतो. दुसरा गिअर सरळ, पहिला त्याच्या पाऊणपट, तिसरा सव्वापटीहून थोडा जास्त. हिशेब करू. पुढे 44 दात, मागे 18 असतील तर तुमची सायकल आज एका पायडलात साधारण 5.4 मीटर जाते. मागे 22 दात्यांचं चक्र लावलं तर पहिल्यात 3.3, दुसऱ्यात 4.4 आणि तिसऱ्यात 5.9 मीटर. म्हणजे सपाटीला आजच्यापेक्षा थोडं जास्तच आणि घाटात गुडघ्यांना सुटी. 22 चं चक्र चेनकव्हरला आतून घासलं तर 20 चं लावा. कव्हर मात्र काढून टाकू नका, कव्हर नसलेली रॅले मला बघवत नाही.

हब विकत घेण्याआधी त्याची भोकं मोजा. इथेच बहुतेक जण फसतात. जुन्या इंग्रजी पद्धतीच्या सायकलींत पुढच्या चाकाला 32 तारा आणि मागच्याला 40. आजचे हब बहुतेक 36 चे. 36 चा हब 40 च्या रिममध्ये कुणीही सरळ ओवून देणार नाही. एक तर 40 भोकांचा जुना हब मिळवा, नाहीतर 36 भोकांची त्याच मापाची रिम. हबच्या एक्सलला दोन चपट्या बाजू असतात, तिथले दातेरी वॉशर विसरलात तर एक्सल खाचेत फिरतो आणि गिअर सुटतात. आणखी एक : या जुन्या हबमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक पोकळ जागा असते. केबल सैल असताना पायडलवर उभे राहिलात, तर पाय एकदम खाली जातो आणि नळीवर आपटता. कुठे, ते लिहीत नाही. केबल नीट लावा.

700सीची चाकं मित्राला परत द्या. तुमच्या रिमचं टायर बसण्याचं माप 635 मि.मी., त्याचं 622. म्हणजे रिमची कड साडेसहा मि.मी. खाली जाते. तेवढ्यानं फार बिघडलं नसतं, पण सळईच्या ब्रेकचे रबर रिमला बाजूनं नाही, हबच्या बाजूनं, आतून वर ओढले जातात. 700सीच्या रिमला तिथे घासायला जागाच नसते. मूळच्या रिमवर तुमचे ब्रेक जसेच्या तसे राहतील. रबर मात्र चारही नवे घाला, आणि पावसात घाट उतरू नका. ओल्या पोलादी रिमवर ब्रेक लागायला वेळ लागतो, आणि वळण थांबत नाही.

गिअरच्या केबलसाठी नळीला भोक पाडायचं काम नाही. पट्टीची क्लिप मिळते. तिच्याखाली जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवा, वडिलांच्या हातचा रंग उडणार नाही.

प्रश्न : क्रँकची कॉटर पिन निघत नाही. ठोकून ठोकून तिच्या आट्या चेपल्या. आता क्रँकसकट सगळं बदलून बिनकॉटरचा नवा सेट घालावा म्हणतो. फ्रेम रॅलेचीच आहे.
— एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : थांबा. तुमच्या फ्रेममधल्या कपांना (क्रँकचा एक्सल ज्यांत छर्र्यांवर फिरतो त्या वाट्यांना) बहुतेक इंचाला 26 आटे असतील, बाजारातल्या सेटला 24. जबरदस्तीनं फिरवलात तर फ्रेमचे आटे जातील. आधी रॉकेल सोडून रात्रभर ठेवा. मग क्रँकखाली भक्कम लोखंडी पाइपचा तुकडा उभा लावा, पिनचं दुसरं टोक त्याच्या पोकळीत येईल असा, म्हणजे धक्का छर्र्यांवर जाणार नाही. आता एकच पक्का घाव. टुकटुक करत बसलात म्हणूनच आट्या चेपल्या. तरी हलली नाही तर ड्रिलनं मधून पोकळ करून काढा. आणि कप कधी काढायची वेळ आली तर उजवीकडचा कप उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं सुटतो.

प्रश्न : माझी उंची 5 फूट 1 इंच. आजोबांची 24 इंची फ्रेम आहे. वरची नळी कापून लेडीज सायकल करता येईल का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : नाही, ताई. ती नळी काढली की हँडलखालची नळी आणि सीटची नळी यांना धरून ठेवणारं एकच काहीतरी उरतं, खालची तिरकी नळी. पहिल्याच खड्ड्यात ती सांध्याजवळ वाकेल. लेडीज फ्रेममध्ये वरची नळी खाली उतरवून जोडलेली असते, काढून टाकलेली नसते. आजोबांच्या सायकलचं हँडल, सीट, घंटी, चेनकव्हर दुसऱ्या छोट्या फ्रेमवर चढवता येईल. सायकल रॅलेची असेल तर तिचे आटे वेगळे असतात, म्हणून फ्रेमही तिच्याच घराण्यातली शोधा. तोवर लहानपणी सगळे चालवायचे तशी, नळीखालून पाय घालून चालवा. मी पंचविशीपर्यंत चालवली, फक्त सासरच्या गल्लीत उतरून चालत जायचो.